क्लेबरची खुरटी रोपं

खरं सांगते, ऑस्लानं माझं कधी काही वाईट केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण ती बया वाईट वागतच नाही, आणि हेच माझं जन्माचं दुखणं आहे.

ऑस्ला माझी चुलत बहीण, माझ्याहून चार महिन्यांनी धाकटी. शेटलंडच्या आमच्या या टोकाच्या बेटात एक अरुंद खाडी शिरली आहे. पलीकडे स्टाका डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी ऑस्लाचं घर, अलीकडे क्लेबर डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी माझं. तिची चूल पेटली की मला धूर दिसतो. तिनं चादरी वाळत घातल्या की त्या माझ्या चादरींपेक्षा पांढऱ्या निघाल्यात हेही दिसतं.

दोन्ही डोंगर बोडके. नुसती तांबूस करडी खडी, तीत गवतसुद्धा धरत नाही, मेंढरं तोंड वळवून पुढे जातात. त्या खडीत जूनमध्ये एक पांढरं फूल येतं, शर्टाच्या बटणाएवढं, केसाळ पानांच्या झुबक्यात बसलेलं. आख्ख्या जगात ते या दोन डोंगरांवरच येतं, आणि त्याचं नाव ऑस्लाचं फूल.

ते कसं पडलं तेही ऐका. आम्ही अकरा वर्षांच्या होतो. शाळेच्या बाईंनी सगळ्या पोरांना स्टाकावर नेलं होतं. फूल आधी मला दिसलं. देवाशपथ, मला. मी गुडघे टेकून बघत बसले होते, हे रोजचंच की निराळं, पाकळ्या मोजत होते. मला आधी खात्री करायची सवय, ऑस्लाला आधी ओरडायची. ती माझ्या खांद्यावरून डोकावली आणि बोंबलली, "बाई, बाई, हे बघा काय सापडलं!" बाईंनी ते डबीत घालून एडिंबराला पाठवलं. तिकडून उत्तर आलं की असलं फूल अजून कुणी पाहिलेलंच नाही. मग जाड पुस्तकात लॅटिनमध्ये ऑस्लाचं नाव आलं आणि वर्तमानपत्रात तिचा दोन वेण्यांचा फोटो आला. त्या फोटोत कडेला एक हात दिसतो. तो माझा.

तीन वर्षांनी मला आमच्या क्लेबरवर तेच फूल सापडलं. रोपं बारकी, पानांवर तांबूस झाक, फूल निम्म्यानं लहान. मी धावत बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "अगं, हे ऑस्लाचंच आहे. जागा वाईट, म्हणून खुरटलंय." पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एक ओळ वाढली, 'क्लेबर डोंगरावर तुरळक'. झालं! तिच्या वाट्याला नाव आणि माझ्या वाट्याला तुरळक.

पुढे लग्नं झाली, पोरं झाली, आम्ही दोघी आपापल्या डोंगराच्या राखणदार झालो. दर जूनमध्ये मोजणी. प्रत्येक रोपापाशी खड्याखाली लोकरीचा एक तुकडा दाबत जायचं आणि शेवटी तुकडे गोळा करून मोजायचे. मग गावच्या हॉलमध्ये चहाच्या वेळी आकडा वाचायचा. स्टाका, चौदाशे दहा. क्लेबर, एकसष्ट. पुढच्या वर्षी स्टाका चौदाशे साठ, क्लेबर बावन्न. माझा आकडा आला की लोक बिस्किटांकडे बघायला लागायचे. ऑस्ला मात्र उठून माझ्यापाशी यायची, माझा हात हातात घ्यायची. "तुझी जागा वाऱ्याची आहे गं मिमी. तू तरी काय करणार, बिचारी."

बिचारी! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आता माझी चोरी सांगते. आमच्याकडे केलची भाजी दारोदार होते. तिचं बी ऑगस्टमध्ये क्रबमध्ये पेरतात. क्रब म्हणजे डोंगरउतारावरचा छातीएवढ्या दगडी भिंतीचा गोल आडोसा, आत ना वारा शिरत ना मेंढरू. वसंतात रोपं तिथून काढून मळ्यात लावायची. आई दोन गोष्टी सांगायची. एक म्हणजे, तेच ते घरचं बी वर्षानुवर्षं पेरलं की केल खुरटते, म्हणून अधूनमधून शेजारच्या घरचं मूठभर बी मिसळावं. आणि खुरटं रोप दिसलं की दया करू नये, उपटावं, नाहीतर ते चांगल्याची जागा खातं. बेटावरच्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल. तिथेच माझा घात झाला.

बावीस वर्षांपूर्वी ऑस्ला तिच्या आईला घेऊन अ‍ॅबर्डीनच्या इस्पितळात गेली, चांगला दीड महिना. जाताना म्हणाली, "माझ्या स्टाकावर जरा लक्ष ठेव गं." ठेवलं. असं लक्ष ठेवलं की रुमालाच्या चारही कोपऱ्यांत बी बांधून आणलं. आमच्या क्रबमध्ये केलच्या शेजारी पेरलं. आणि काय उगवलं म्हणता! हिरवंगार, गुबगुबीत. माझा नवरा मॅग्नी भिंतीवरून डोकावला.

"ही कसली केल?"

"ताटात पडेल तेव्हा खा. चौकशा नकोत."

मॅग्नी शहाणा माणूस आहे. त्यानं परत विचारलं नाही.

वसंतात जेवणाच्या चमच्यानं मी ती रोपं क्लेबरवर लावली. आणि त्यांना जागा हवी म्हणून खुरटी उपटली. पहिल्या वर्षी वीसेक, मग दरवर्षी, जी जी बारकी आणि तांबूस दिसतील ती. सात-आठ वर्षं हेच. क्लेबरचा आकडा चढत गेला. नव्वद, एकशे सत्तर, मग तीनशे. हॉलमध्ये तीनशे वाचले गेले तेव्हा टाळ्या पडल्या, आणि पहिली टाळी कुणाची असेल? तिचीच. वर डोळ्यांत पाणी. चोरी मी केली आणि आनंद तिनं करून घेतला.

त्या दिवशी मी ठणकावून सांगितलं, यापुढे ज्याच्या त्याच्या डोंगरावर ज्यानं त्यानंच चढायचं, उगाच पायाखाली रोपं तुडवायला नकोत. ऑस्ला म्हणाली, "बरोबर आहे तुझं." आणि खरोखर आली नाही.

गेल्या जूनमध्ये एडिंबराहून ईली आली. डॉक्टर, पण औषधांची नव्हे, झाडांच्या वंशावळीची. तिशीतली पोर, गुडघ्यावर ठिगळं लावलेली पँट. उतरली कुठे? ऑस्लाकडे. कारण काय, तर तिच्या पाहुण्यांच्या खोलीला लागून न्हाणीघर आहे. मी धुरावर वाळवलेल्या मटणाचं सूप केलं, बॅनक, म्हणजे आमच्या जाड रोट्या, भाजले. तिनं दोन वाट्या सूप ओरपलं आणि झोपायला तिकडेच गेली.

आठ दिवस ती दोन्ही डोंगरांवर रांगत होती. एकेका रोपाचं नखाएवढं पान तोडायची आणि चहाच्या रिकाम्या पुडीत घालून, नंबर लिहून, डब्यात ठेवायची आणि तोच नंबर रोपापाशी खोचायची.

"याचा चहा करणार की काय?" मी विचारलं.

"करणार की मावशी. आणि तो पिऊन सांगणार, कोण कुणाची आजी आणि कोण कुणाची नात."

"पानावरून कळतं ते?"

"सगळं कळतं."

मला आपलं वाटायचं, पान म्हणजे पान. तो अख्खा हिवाळा मी मोजे विणायला घेतले आणि टाके सोडत बसले. पोस्टमन दारात दिसला की मी मागच्या दारानं क्रबकडे सटकायचे.

यंदा मे महिन्यात ईली परत आली आणि एका शुक्रवारी हॉलमध्ये सगळ्यांना जमवून उभी राहिली. मी दाराजवळची खुर्ची धरली होती, पळायला बरी म्हणून. तिनं टेबलावर रंगीत लोकरीच्या दोन टोपल्या ठेवल्या, एक स्टाकाची, एक क्लेबरची.

"प्रत्येक झाडाच्या आत लोकर असते असं समजा," ती म्हणाली. "स्टाकावरच्या सगळ्या झाडांत मिळून मला पाच रंग सापडले. क्लेबरवर तेच पाच सापडले, आणि शिवाय एक सहावा. लाल. तो कुणात नाही, कुणात थोडा, कुणात जास्त, पण स्टाकावर एकाही झाडात नाही. आता तुम्हीच सांगा. जिच्या टोपलीत सगळे रंग ती कोण, आणि जिच्याकडे त्यातलेच काही ती कोण?"

सगळा हॉल विणणाऱ्या बायकांचा. एका सुरात उत्तर आलं, "पहिली आई, दुसरी लेक."

"मलाही तसंच वाटतं. फूल मूळचं क्लेबरचं. तिथलं चिमूटभर बी कधीतरी स्टाकावर गेलं. निघालेल्यांबरोबर सगळे रंग जात नाहीत, म्हणून लाल मागे राहिला."

मला काय झालं ते कसं सांगू? गालांतून वाफा निघत होत्या. पकडली गेले नव्हते, वर क्लेबर आई ठरला होता! ऑस्लाचं फूल मुळात माझं! चौपन्न वर्षं जी बाई माझा हात धरून बिचारी म्हणत होती, तिचा डोंगर माझ्या डोंगराची पोर निघाला. ते पाच रंग क्लेबरवर कुणी आणले हे मला ठाऊक होतं. तरीही मी मनातल्या मनात नाचत होते. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

मग चराईच्या कमिटीचा रास्मी उठला. त्याला धक्क्यापर्यंतच्या नव्या रस्त्यासाठी खडी हवी होती, वर्षभर तो दोन्ही डोंगरांवर डोळा ठेवून होता.

"मग प्रश्नच मिटला. क्लेबरला कुंपण घालून जपू. स्टाकाची खडी काढू. आई राहिली म्हणजे झालं. काय ईली?"

"खडी काढा असं मी म्हणणार नाही," ईली म्हणाली. "पण एकच राखायचा ठरला तर क्लेबर."

"हात वर करा," रास्मी म्हणाला.

हात वर झाले. माझा हात वर होता का? होता. ऑस्ला मांडीवरचा रुमाल घडी घालत होती, उलगडत होती, परत घडी घालत होती. पुढच्या मंगळवारच्या बोटीनं खोदायचं यंत्र येणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑस्ला माझ्या दारात. हातात रुबार्बच्या मुरंब्याची बरणी. मला वाटलं, आता रडेल, भांडेल, निदान एखादा टोमणा तरी मारेल. मी कंबर कसून तयार होते.

"अभिनंदन करायला आले," ती म्हणाली. "काल सगळ्यांसमोर जमलं नाही गं."

"बस," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिनं चहा घेतला, बॅनकला मुरंबा लावला. खिडकीतून स्टाका दिसत होता, तिकडे तिनं पाठ केली होती.

"एक सांगू, मिमी? हसशील."

"सांग."

"लहानपणी मी तुझ्यावर फार जळायचे."

मी बशी खाली ठेवली. "माझ्यावर?"

"तुझ्या क्लेबरवरची ती इवली इवली रोपं होती ना, तांबूस पानांची? माझ्या स्टाकावर तसं एक नव्हतं. सगळी आपली हिरवी ढब्बू. मी तुला न सांगता यायचे बघायला, क्रबच्या आडून. वाटायचं, माझ्या नावाचं फूल, आणि सुंदर मात्र मिमीकडे. काल ईली लाल रंग म्हणाली ना, तेव्हा मला तीच आठवली." ती हसली. "तू आकडा एवढा वाढवलास, आता तर डोंगर तांबडा झाला असेल. मला एकदा दाखवशील? माझं तर आता काही राहणार नाही बघायला."

"आज गुडघा दुखतोय," मी म्हटलं. "नंतर कधीतरी."

ती गेली आणि मी तशीच बसून राहिले. मॅग्नी आत आला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चूल सारखी केली.

रविवारी सकाळी मी क्लेबरवर चढले. एका टोकापासून खडी चाळत निघाले. हिरवं. हिरवं. ढब्बू हिरवं. अधूनमधून एखाद्याच्या देठावर लाली दिसायची, वाकून बघावं तर पान हिरवंच. उतार संपला. परत वरून खाली आले. चष्मा पुसला, परत वर गेले. तीन तास शोधलं. तांबूस पानांचं एक रोप नाही. आणि असणार कुठून? सात-आठ वर्षं मी स्वतःच्या बोटांनी ती उपटली होती, वाऱ्यावर भिरकावली होती, वर हात झटकले होते. ज्याच्यासाठी ऑस्ला माझ्यावर जळायची ते माझ्याच दारात होतं. आणि मी तिच्यासारखं व्हायच्या हावेपायी ते मुळासकट काढत बसले होते. मी खडीत बसले आणि भोकाड पसरलं. एक मेंढी थांबून बघायला लागली. तिलाही हाड हाड केलं.

रडून झाल्यावर समोर स्टाका दिसला. मंगळवारी तोही जाणार होता. माझं मी मातीत घातलंच होतं, आता तिचंही घालायला मी परवा हात वर केला होता. मी उठले ती घरी गेलेच नाही. खाडीला वळसा घालून, बूट चिखलानं भरलेले, थेट ऑस्लाच्या स्वयंपाकघरात. ईली लॅपटॉप उघडून बसली होती, ऑस्ला बटाटे सोलत होती. बरं झालं, दोघींना एकदम सांगता आलं. नाहीतर दुसऱ्यांदा सांगायचा धीर झाला नसता.

"क्लेबर आई नाही," मी दारातूनच म्हटलं. "ते पाच रंग मी आणलेत. स्टाकावरून. चोरून. बावीस वर्षांपूर्वी, तू अ‍ॅबर्डीनला होतीस तेव्हा."

मग सगळं सांगितलं. रुमाल, क्रब, चमचा, आणि उपटलेली खुरटी. ईलीची बोटं लॅपटॉपवर तशीच थांबली होती. ऑस्लाच्या हातातल्या बटाट्याची साल लांबच लांब लोंबत होती.

"उपटलेली कशी दिसायची?" ईलीनं विचारलं. आवाज एकदम कोरडा.

"बारकी. तांबूस पानांची."

"किती उपटलीत?"

"आठवत नाही. दीडशे असतील. जास्तही असतील."

"अरे देवा!" असं म्हणून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग भराभरा लॅपटॉपवर काहीतरी केलं, आकड्यांच्या रांगा वर गेल्या, खाली आल्या. मी अजून दारातच उभी होते, कुणी बस म्हटलं नव्हतं.

"म्हणजे मी उलटं वाचलं," ती म्हणाली. "पाच रंग तुम्ही आणलेले. क्लेबरचा स्वतःचा रंग एकच, लाल. तो स्टाकावरून येऊ शकत नाही आणि स्टाकाचे पाच त्याच्यापासून निघू शकत नाहीत. आई नाही, लेक नाही. बर्फ वितळला तेव्हापासून ही दोन घरं वेगळी आहेत, मावशी. दहा हजार वर्षं. तुमचं ते खुरटं वगैरे काही नव्हतं. ते तसंच असतं. ते वेगळंच फूल होतं, कुणी ओळखलं नाही इतकंच."

"होतं," मी म्हटलं. "मी संपवलं."

"तीन आहेत."

"काय?"

"दक्षिणेच्या कड्याखाली दगडी फळी आहे ना, तिथे. मी दोर लावून उतरले होते. नंबर तीनशे अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. तिघांत नुसता लाल, दुसरं काही नाही. बाकी सगळ्यांत स्टाकाचं बी आहे."

त्या फळीवर मी कधी उतरले नव्हते. गुडघ्यांमुळे. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचे आभार मानले.

मी ऑस्लाकडे वळले. मी म्हटलं, "बोल गं काहीतरी. शिव्या दे. मार मला."

तिनं बटाटा पाण्यात टाकला. "मागितलं असतंस तर मी दिलं असतं बी," ती म्हणाली. "टोपलीभर दिलं असतं."

"ते ठाऊक होतं म्हणूनच मागितलं नाही," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे तिचा चेहरा लाल झाला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऑस्ला माझ्यावर ओरडली. काय काय म्हणाली! चोरटी म्हणाली, कोत्या मनाची म्हणाली, माझी आई वर बसून हे बघत असेल म्हणाली, आणि परवा हात वर करताना काही वाटलं नाही का गं मेले, असंही म्हणाली. मी सगळं ऐकून घेतलं. मला बरं वाटलं. त्या जरा वेळापुरत्या आम्ही दोघी सारख्या होतो.

सोमवारी कमिटीसमोर मला परत उभं राहून सगळं सांगावं लागलं. या खेपेला लोक बिस्किटांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. रास्मी म्हणाला, "मग आता खडी मी कुठून आणू?" मॅग्नी मागच्या रांगेतून उठला. "बाहेरून. बोटीनं. जसा तू आलास, खालच्या बेटावरून," तो म्हणाला आणि बसला. चाळीस वर्षांत हॉलमध्ये तो तेवढंच बोललाय. यंत्र आल्या बोटीनं परत गेलं आणि कुंपण दोन्ही डोंगरांना ठरलं.

मग उरलं माझं प्रायश्चित्त. फळीवरची तीन फुलायच्या आत क्लेबरवरची निव्वळ स्टाकाची रोपं काढायची होती, नाहीतर त्यांचा पराग लागून त्या तिघांचं बीही बिघडलं असतं. ईलीनं नंबर बघून त्या रोपांना पांढऱ्या लोकरीच्या गाठी बांधल्या. दोनशेच्या वर. थोडाफार लाल असलेली मिश्र रोपं राहू द्यायची, त्यांच्या कळ्या तेवढ्या खुडायच्या. मी चमचा घेऊन एकटीच सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी बघते तर ऑस्ला क्रबच्या भिंतीपाशी उभी, हातात तिचा चमचा.

"माझीच पोरं आहेत," ती म्हणाली. "मी नेते घरी."

तिनं ओली गोणपाटं आणली होती. रोप काढायचं, गोणपाटात गुंडाळायचं, संध्याकाळी होडीतून स्टाकावर नेऊन लावायचं. आठवडाभर आम्ही दोघी रांगत होतो. बोलणं जेमतेम. "सरक." "चहा आहे का त्यात?" एवढंच. ती माझ्या दुप्पट वेगानं काढायची. तेही मला खुपायचंच.

शेवटच्या दिवशी दुपारी ती फळीच्या वरच्या उतारावर होती, मी खाली. बराच वेळ ती एका जागी थबकलेली दिसली. मग कंबर धरून उठली. "माझी पाठ गेली गं. ती बाजू तू कर, मी जरा चहा ओतते," असं म्हणून ती पार खाली, पाठ करून जाऊन बसली.

मी वर चढले, गुडघे टेकले. आणि माझ्या नाकासमोर, दोन खड्यांच्या मधे, मटारच्या दाण्याएवढं एक रोप. चार पानं. तांबूस. ना नंबर, ना गाठ, याच वसंतात उगवलेलं. या खेपेला मी पाकळ्या मोजत बसले नाही. अकरा वर्षांची असल्यासारखी बोंबलले, "ईली! ईली! सापडलं! अजून एक सापडलं!"

ईली कड्यावरून धडपडत आली, पोटावर आडवी झाली, भिंग लावलं. "पान तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," ती म्हणाली, पण हसू काही आवरत नव्हतं. मग तिनं वही काढली. "उतारावरचं पहिलं. नोंद करते. कुणाला सापडलं?"

"मिमीला," ऑस्ला खालून म्हणाली. चहाच्या थर्मासचं झाकण लावता लावता, सहज.

चौपन्न वर्षं मी त्या शब्दांची वाट बघत होते. मी परत त्या रोपाकडे पाहिलं. त्याच्या भोवतालची पांढऱ्या गाठींची सगळी रोपं आधीच काढलेली होती, अगदी हलक्या हातानं, याच्या मुळाला धक्का न लावता. आणि ओल्या खडीत माझ्या गुडघ्यांच्या शेजारी आणखी दोन गुडघ्यांचे ठसे होते, खोलवर, खूप वेळ टेकलेले. ती इथे बसून बघत होती. तिनं पाहिलं होतं, आणि ती ओरडली नव्हती.

जळून खाक झाले मी. त्या फोटोत नुसता हात आला तेव्हाही एवढी जळले नव्हते. नाव घेतलं असतं तर मी जन्मभर तिला नावं ठेवली असती, पण हे असं देऊन टाकणं मला कसं जमायचं? आता गप्प बसायचं होतं, फक्त गप्प. तेवढंही जमलं नाही.

"तिला आधी दिसलंय," मी म्हटलं. "हे बघ तिच्या गुडघ्यांचे ठसे."

"काहीतरीच!" ऑस्ला म्हणाली. "मला कुठे आता एवढं बारीक दिसतं?"

"खोटारडी. मेंढीच्या कानातली गोचीड दिसते तुला दुरून."

ईली पेन धरून एकदा तिच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. "मग लिहू काय?"

"दोघींची नावं लिही," मी म्हटलं. "माझं आधी."